काळा चहा, लाल चहा, कोरा चहा

शब्दखुळी:
चिनी चहावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. 'ब्लॅक टी'ला सरळ 'काळा चहा' लिहून मोकळी झाले. आईने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे बिनदुधाचा ना?" आता चिनी चहा तर सगळेच बिनदुधाचे! त्यात पुढे 'डार्क टी' असा आणखी एक प्रकार आला आहे. त्याला काय म्हणू? गडद चहा?

उलाँगप्रेमी:
आईंचं बरोबर आहे. मराठीत काळा चहा म्हणजे कोरा चहा, त्याचा पानाच्या जातीशी संबंध नाही. चिनी लोक याच 'ब्लॅक टी'ला हूंगछा म्हणतात, म्हणजे लाल चहा. त्यांनी कपातला रंग पाहिला, इंग्रजांनी डब्यातलं सुकं पान. आनहुइचा चीमन लाल, फूजिएनमधल्या वूयी डोंगरातला धुरकट लापसांग सूचाँगही लालच. आणि तुमचा 'डार्क टी' म्हणजे हेइछा. यातल्या 'हेइ'चा अर्थच काळा! युन्नानचा शिजवलेला पुअर या गटातला. म्हणून 'लाल चहा' बिनधास्त लिहा आणि 'हेइछा' तसाच ठेवा. 'गडद' नको, तो शब्द रंगाच्या दुकानातला वाटतो.

अर्धाकप:
लाल म्हटलं तर 'दा हूंग पाओ'चं काय करायचं? नावात लाल आहे, पण चहा उलाँग, म्हणजे लाल आणि हिरव्याच्या मधला. आनजीचा 'पांढरा चहा' तर हिरव्या चहाच्या पद्धतीने करतात. त्या झुडपाची वसंतातली कोवळी पानं फिकट निघतात, एवढ्यावरून तो पांढरा झाला.

उलाँगप्रेमी:
ती विशेषनामं झाली हो. दा हूंग पाओ म्हणजे मोठा लाल झगा. लाल आहे तो झगा.

शब्दखुळी:
पटलं. आता 'फर्मेंटेड'. मी सगळीकडे 'आंबवलेला' लिहिलंय.

उलाँगप्रेमी:
लाल चहाच्या बाबतीत खोडा ते. हवेने काळवंडणं आणि जंतूंनी आंबणं, चिनी भाषेत दोन्हींना एकच शब्द चालतो, चहाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांतही तोच घोळ आहे, पण आपण का ओढवून घ्यायचा? पान वळलं की पेशी फुटतात, रस हवेच्या संपर्कात येतो आणि पान काळवंडतं. जंतूंचं काम नाही. 'काळवंडवलेला' उच्चारायला अवघड, पण 'पान काळवंडू देतात' असं वाक्य छान बसतं. उलाँग अर्धवट काळवंडू देतात. हिरव्यात ते होऊच नये म्हणून पान आधी तापवतात. हांगचौचा लोंगजिंग कढईत तळहाताने दाबून दाबून भाजतात, म्हणून त्याचं पान इस्त्री केल्यासारखं चपटं असतं.

आंबवणं खरं ते शिजवलेल्या पुअरचं. पानांचा ढीग घालतात, पाणी शिंपडतात, वर झाकण टाकतात आणि काही आठवडे अधूनमधून खालीवर करतात. ढीग आतून चांगलाच तापतो. ही पद्धत कुनमिंगच्या चहा कारखान्यात १९७३ च्या सुमारास बसली. त्याआधी पुअर वर्षानुवर्षं पडून आपोआप जुना व्हायचा. (शिजवलेला म्हणतात खरं, पण चुलीवर कोणी चढवत नाही.)

अर्धाकप:
आणि चहा करण्याला क्रियापद? 'उकळणे' नक्कीच नको. 'मुरवणे' सुचवतो.

उलाँगप्रेमी:
मोठ्या किटलीला ठीक आहे. पण गायवान, म्हणजे झाकणाचा छोटा वाडगा, घेतला तर १०० मिलीला ५-६ ग्रॅम उलाँग, जवळजवळ उकळतं पाणी आणि दहा-पंधरा सेकंदांत ओतून मोकळं. यात मुरायला वेळच कुठे? तिथे 'पहिलं पाणी, दुसरं पाणी' असं लिहा. चांगला उलाँग सहा-सात पाणी सहज देतो, आणि माझ्या मते तिसरं सगळ्यांत चांगलं. लोंगजिंगला मात्र ८० अंशांच्या आसपासचं पाणी. उकळतं ओतलंत तर तुरट होणार.

शब्दखुळी:
बरं झालं, 'तुरट' आलाच. मूळ लेखात कडू आणि तुरट यांची गल्लत आहे, मराठीत ती होणारच नाही. पण 'ह्वेइगान'ला काय? घोट गिळल्यावर मागून येणारी गोडी.

अर्धाकप:
आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर लागते तीच ना? मग 'मागची गोडी' म्हणा. 'प्रत्यागत माधुर्य' वगैरे लिहिलंत तर मी लेख वाचणार नाही.

शब्दखुळी:
😄 नाही लिहीत. शेवटचं: पुअरच्या दाबून केलेल्या 'केक'ला काय? ढेप?

उलाँगप्रेमी:
ढेप म्हटलं की गूळच डोळ्यांपुढे येतो. 'चकती' लिहा, दिसतेही तशीच चपटी. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची असते, आणि अशा सात चकत्या एकावर एक रचून बांबूच्या सालीत बांधतात. फोडायची कशी ते लेखात असेल तर तिथे 'तोडतात' लिहू नका. कडेने टोचा घालून हलकेच पदर सोडवायचे असतात. चुरा झाला तर पहिल्याच पाण्यात सगळं उतरतं आणि चहा कडू होतो.