लेक रडता रडता निळी पडते, श्वासच घेत नाही. कोणाला अनुभव आहे का?

अंगणातली_जाई:
नमस्कार. इतकी वर्षं नुसतीच वाचते, लिहायची वेळ आज आली. मोबाईलवर टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरात राहतो. लेक १६ महिन्यांची. नवरा अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. मीही नोकरी करते, त्यामुळे दिवसभर ती आजी-आजोबांजवळ असते.

दीड महिन्यापूर्वी पहिल्यांदा झालं. हातातला रिमोट काढून घेतला म्हणून तिने टाहो फोडला आणि पुढचा श्वास आलाच नाही. तोंड उघडं, आवाज नाही. आधी ओठ निळे, मग सगळा चेहरा काळानिळा, आणि अंग एकदम ढिलं पडलं. सासूबाईंनी तोंडावर पाणी मारलं, सासऱ्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, मी तिला गदागदा हलवत होते. घड्याळ बघायचं भान कोणालाच नव्हतं. मग एकदम मोठा श्वास आला, जरा रडली, आणि पाच मिनिटांत पुन्हा रिमोट मागायला लागली. आमचे हातपाय रात्रीपर्यंत कापत होते.

त्यानंतर सात-आठ वेळा झालं. परवा तर हात ताठ झाले आणि दोन-तीन झटके आले.

एका डॉक्टरांनी "हट्टी आहे, लक्ष देऊ नका" एवढंच सांगून परत पाठवलं. नणंद म्हणते फिट आहे, ईईजी (मेंदूची तपासणी) करा. सासूबाई रोज मीठ-मोहरी उतरवतात. फिट असेल का? मेंदूला काही होईल का? आणि तिसरी गोष्ट लिहायलाही लाज वाटते: आता घरात तिला कोणी रडूच देत नाही. मागेल ते हातात. काल तिने माझ्या ताटातलं लोणचं मागितलं, तेही दिलं.

द्राक्षबागाईतदार:
ताई, वेळ घालवू नका, सरळ न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या पुतण्याला तापात झटके आले होते, तेव्हा लगेच अ‍ॅडमिट केलं होतं.

पंचवटीची_प्राजक्ता:
तापातले झटके वेगळे हो दादा. इथे आधी रडणं आहे.
जाई, माझ्या मोठ्याचं अगदी असंच होतं. आमच्याकडे "दम कोंडतो" म्हणतात. सव्वा वर्षाचा असताना सुरू झालं, चार वर्षांचा होईपर्यंत आपोआप थांबलं. आता सहावीत आहे आणि माझाच दम कोंडवतो. माझ्या आईने सांगितलं की मी लहानपणी अशीच करायचे, तेव्हा कुठे मी शांत झाले. तुमच्या दोघांपैकी कोणाचं असं होतं का, विचारून बघ.

निवृत्त_सिस्टर:
जाई, मी डॉक्टर नाही, पण मुलांच्या वॉर्डात २७ वर्षं काढली आहेत. तू लिहिलेला क्रम वाचून मला फिटपेक्षा श्वास रोखण्याचा झटका जास्त वाटतो. खात्री मात्र डॉक्टरच करतील.

यात क्रम बघायचा असतो. राग, दुखणं किंवा भीती हे काहीतरी कारण आधी घडतं. मूल रडतं, सगळी हवा बाहेर टाकतं आणि तिथेच अडकतं. निळं होतं, मग ढिलं पडतं. शेवटी अंग ताठ होणं किंवा दोन-चार झटके येणं यातही होतं, त्यामुळे लगेच फिट समजू नये. फिटमध्ये बहुतेकदा असं रडण्याचं कारण नसतं, झटके आधी सुरू होतात आणि नंतर मूल बराच वेळ गुंगीत राहतं. तुझी लेक पाच मिनिटांत रिमोट मागते, हे चांगलं लक्षण.

हे मूल मुद्दाम करत नाही. श्वास अडकणं त्याच्या हातात नसतं. "हट्टी आहे" म्हणून सोडून देणं म्हणूनच मला पटत नाही. साधारण सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत दिसतं, पहिल्या-दुसऱ्या वर्षात सगळ्यात जास्त. एरवी धडधाकट मुलाच्या मेंदूला यातून इजा होत नाही. शुद्ध गेली की शरीर आपणहून श्वास घेतं.

झटका आला की तिला सपाट जागेवर कुशीवर निजवायचं. आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं, घड्याळ बघायचं. हलवायचं नाही, उलटं धरायचं नाही, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालायचं नाही. कांदा भाजीसाठी ठेवा. दुसऱ्या कोणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांग. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना तुझ्या अर्ध्या तासाच्या सांगण्यापेक्षा जास्त कळवतो.

एक मिनिटाहून जास्त शुद्ध नसेल, नंतर गुंगी राहिली, न रडता असं झालं, किंवा श्वास परत सुरू होत नसेल तर मात्र वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

आता मला सांग, ती खाते काय? दूध किती? माती, भिंतीचा चुना असलं काही तोंडात घालते का?

अंगणातली_जाई:
सिस्टर, वाचून रडूच आलं. नवऱ्याच्या आत्याने आत्ता फोनवर सांगितलं, तोही लहानपणी निळा पडायचा. सासूबाईंना आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

खाणं विचारू नका. सकाळी उठल्यावर बाटली, मग दहाला, दुपारी झोपताना, संध्याकाळी आणि रात्री दोनदा. लिटरभर दूध सहज होतं. पिशवीचं गायीचं. वरण-भात दोन घास. सासऱ्यांच्या बशीतला चहा-बिस्किट मात्र आवडीने खाते. आणि हो, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतली माती खाते! मी जंत समजत होते. पण याचा श्वासाशी काय संबंध?

निवृत्त_सिस्टर:
संबंध आहे. अंगात लोह कमी असलेल्या मुलांमध्ये हे झटके जास्त दिसतात, आणि लोह भरून काढलं की बऱ्याच जणांचे कमी होतात. गायीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर लिटरभर दुधाने पोट भरलं की जेवणाला जागा कुठली? जे थोडं लोह पोटात जातं ते चहा शोषू देत नाही. माती खाणं हेही बहुतेकदा लोह कमी असल्याचंच लक्षण.

बालरोगतज्ज्ञांकडे जा, सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) या तपासण्यांबद्दल विचार. ते बहुधा ईसीजीही काढतील. हृदयाच्या ठोक्यांची एक तक्रार अशीच दिसू शकते, ती नाही ना एवढं बघायला. ईईजी लागेलच असं नाही, ते त्यांना ठरवू दे. लोहाचं औषध मनाने सुरू करू नकोस, डोस वजनावर असतो. आणि बाटली कपाटात उंच ठेव, लोह जास्त पोटात गेलं तर लहान मुलाला विष आहे.

मखमलाबादकर:
सासऱ्यांचा चहा बंद करणं हे ईसीजीपेक्षा अवघड काम आहे 😀 शुभेच्छा.

पंचवटीची_प्राजक्ता:
नागलीची खीर द्या म्हणून आता चार जणी सांगतील. नागली चांगलीच, पण तिचा खरा जोर कॅल्शियमवर. एकट्या नागलीवर रक्त भरत नाही, मी करून बसले आहे. आमच्याकडे शेवटी औषधानेच झालं, जोडीला मसूर, अंडं आणि वरणावर लिंबू.

रडू न देण्याबद्दल: आम्हीही तेच केलं. दोन वर्षांचा होईपर्यंत अख्खं घर त्याच्या मुठीत. श्वास तो मुद्दाम अडकवत नव्हता, पण तोंड वाकडं केलं की सगळे धावतात हे त्याला पक्कं कळलं होतं. भूक आणि झोप सांभाळा, निम्मं रडणं तिथेच वाचतं. पण एकदा नाही म्हटलं की नाहीच. आणि घरातल्या चौघांचं "नाही" एक असू द्या.

अंगणातली_जाई (तीन दिवसांनी):
जाऊन आलो. नवीन डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ दोनदा बघितला. श्वास रोखण्याचाच झटका म्हणाल्या. ईसीजी ठीक. हिमोग्लोबिन ८.२, फेरिटिन अगदी तळाला. लोहाचं औषध दिलंय, दुधापासून लांब द्यायचं. शी काळी होईल, घाबरू नका म्हणाल्या. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर नाही, तेही कपाने. बाटली बंद.

बाटली बंद केल्याची पहिली रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

अंगणातली_जाई (पाच आठवड्यांनी):
सांगितलं होतं तसं कळवतेय. पहिले दोन आठवडे झटके तसेच होते, एकदा तर दिवसात दोन. तिसऱ्या आठवड्यापासून अंतर पडायला लागलं. गेल्या दहा दिवसांत एकच, तोही ओठ निळे होण्यापुरता. हिमोग्लोबिन ९.९. औषध हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही काही महिने चालू ठेवायचं आहे. मातीची कुंडी वर टांगलीय, पण ती आता तिकडे फिरकतही नाही. दोन्ही वेळेला वाटीभर खिचडी खाते.

सासऱ्यांनी चहा घ्यायची जागा बदलली, आता जिन्यात बसून पितात. मीठ-मोहरी चालू आहे, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. काल दुकानात फुग्यासाठी जमिनीवर लोळली, तेव्हा सासूबाई माझा हात धरून उभ्या राहिल्या आणि घड्याळ बघत होत्या. फुगा घेतला नाही.

सिडकोचा_बाबा:
धागा शोधता शोधता इथे आलो. आमचा मुलगा २० महिन्यांचा. तो निळा नाही, पांढराफटक पडतो. डोकं टेबलाला जरासं आपटलं, नीट रडलाही नाही आणि सरळ कोसळला. दोनदा झालं. हेच का?

निवृत्त_सिस्टर:
दादा, तोही याचाच एक प्रकार असू शकतो. आपटल्याच्या दचक्याने हृदयाचे ठोके काही सेकंद मंदावतात, त्यात मूल पांढरं पडतं. पण न रडता कोसळलाय, म्हणून ईसीजी या आठवड्यातच काढून घ्या, पुढच्यावर टाकू नका. घरात कोणाला अचानक चक्कर येऊन पडण्याचा त्रास असेल किंवा कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना आधी ते सांगा. आणि दूध किती पितो ते लिहा.