पीसी उघडायला कुठला स्क्रू ड्रायव्हर?

प्रश्न: रॅम आणि एम.२ एसएसडी (मदरबोर्डवर बसणारी छोटी स्टोरेज पट्टी) टाकायचीय, पहिल्यांदाच उघडतोय. घरातला फुलीचा ड्रायव्हर चालेल का आणि मॅग्नेटवाल्याने एसएसडी उडते म्हणतात ते खरंय का?

उत्तर १: रॅमला ड्रायव्हर लागतच नाही 😄 केस, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय सगळीकडे बहुतेक पीएच२ (पीएच म्हणजे फुलीचं टोक, आकडा त्याचा साइज), तो एक चांगला घे. एम.२ चा स्क्रू बारीक असतो त्याला पीएच१ नाहीतर पीएच०, टोक लहान पडलं की खाच गोल होते मग बस खरवडत.

उत्तर २: एसएसडीत डेटा चुंबकावर नसतोच, बिनधास्त वापर. उलट मॅग्नेट हवाच, स्क्रू मदरबोर्डखाली घरंगळला की काढताना नाकी नऊ येतात. आणि दांडा लांब बघ, कूलरच्या खाली आखूड पोचत नाही.

उत्तर ३: ड्रिल मशीन नको रे बाबा. हातानेच, टेकला की थांब.