श्रीलंकेत जूनमध्ये आई-वडिलांसह : चालकासह गाडी ठरवावी की रेल्वे-बसने फिरावे?

प्रश्न (देवगड)
सप्रेम नमस्कार. आंब्याच्या शेवटच्या पेट्या मेअखेर रवाना झाल्या की जूनच्या पहिल्या पंधरवड्यात श्रीलंकेला जाण्याचा विचार आहे. पेरणीचे भावाने अंगावर घेतले आहे. सोबत आई-वडील असतील. दोघेही एस.टी.च्या प्रवासाला सरावलेले आहेत, मात्र आईला गुडघ्यांमुळे उंच पायऱ्या चढणे जड जाते. एका एजंटाने कोलंबो, गॉल, कँडी, एल्ला असा क्रम आखून चालकासह गाडीचा आकडा सांगितला आहे, तो आम्हाला परवडणारा नाही. देश महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा असल्याने अंतरे किरकोळ वाटतात. हेच सर्व रेल्वेने व बसने जमेल का? आणि पाऊस कितपत आड येईल?

उत्तर (वेंगुर्ले)
गाडीचा विचार नंतर करावा, आधी एजंटाचा क्रम बदलावा. जो नैर्ऋत्य मोसमी पाऊस जूनमध्ये आपल्या अंगणात येतो, तोच मेअखेरीपासून श्रीलंकेच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर कोसळत असतो. त्यामुळे कोलंबो, हिक्कडुवा आणि गॉल या पट्ट्यात तेव्हा समुद्र खवळलेला असतो. देवगडचा पावसाळा सोडून गॉलचा पावसाळा पाहायला जाण्यात काय हशील? मात्र मधल्या डोंगररांगा ढग अडवतात आणि घाटमाथा ओलांडून कराडकडे उतरल्यावर जसा फरक जाणवतो, तसाच तिथे नुवारा एलिया ओलांडून एल्ला-बदुल्लाकडे गेल्यावर जाणवतो. पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि अरुगम बे येथे मे ते सप्टेंबर हाच खरा हंगाम असतो. तिथला मोठा पाऊस आपल्या दिवाळीनंतर, ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो. म्हणून कँडी, एल्ला, बट्टिकलोआ, त्रिंकोमाली आणि परतताना सिगिरिया असा फेरा घ्यावा, गॉल यंदा सोडून द्यावे. त्रिंकोमालीला समुद्रात घुसलेल्या कड्यावरचे कोणेश्वर मंदिर आई-वडिलांना निश्चित आवडेल.

उत्तर (चिपळूण)
वरील क्रमाशी मी सहमत आहे. अंतरांबाबत मात्र सावध राहावे, कारण तिथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, तास मोजावे लागतात. कोलंबो ते कँडी हे साधारण ११५ किलोमीटर असूनही रेल्वेला अडीच-तीन तास लागतात, आणि कँडी ते एल्ला या डोंगरी मार्गावर सहा-सात तास सहज जातात. हा मार्ग आपल्यासारखाच ब्रॉडगेज असून पट्टिपोला येथे १,८९८ मीटर उंची गाठतो. एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर गोल कड्यात अडकवलेले टोकन, म्हणजे पुढच्या टप्प्यात जाण्याचा परवाना, धावत्या इंजिनातील चालकाच्या हाती देतो आणि आधीच्या टप्प्याचे परत घेतो, हे जुने दृश्य तिथे आजही पाहायला मिळते.

आरक्षण ३० दिवस आधी उघडते आणि कँडी-एल्लाच्या जागा पाहता पाहता संपतात. मी वातानुकूलित पहिला वर्ग टाळतो, कारण त्याच्या खिडक्या उघडत नाहीत आणि हा प्रवास तर खिडकीसाठीच करायचा असतो. आरक्षित दुसरा वर्ग उत्तम. जागा मिळाल्या नाहीत तर वयस्कर माणसांना अनारक्षित डब्यात सहा तास उभे करू नये. कँडीहून एल्ला बसने गाठावे आणि एल्ला ते देमोदरा एवढाच रेल्वेचा छोटा टप्पा करावा. १९२१ मधला नऊ कमानींचा पूल याच टप्प्यात येतो, आणि देमोदराला तर रूळ वळसा घालून स्टेशनच्याच खालून बोगद्यातून जातात. एक गोष्ट लक्षात असू द्यावी : २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दितवा चक्रीवादळात डोंगरातील रेल्वेमार्गाचे मोठे नुकसान झाले होते, तेव्हा कोणता टप्पा चालू आहे हे पाहिल्याशिवाय पुढचे काहीही पक्के करू नये.

बसचे म्हणाल तर सरकारी लाल बस ही आपल्या एस.टी.ची सख्खी बहीण आहे, वेग मात्र खासगी बसवाल्यांचा जास्त. चालकासमोर बुद्धमूर्तीभोवती रंगीत दिवे लुकलुकत असतात, कंडक्टर दारात लोंबकळत पुढच्या गावाचे नाव एका दमात चार वेळा ओरडतो, आणि मोठ्या बॅगा इंजिनाच्या झाकणाजवळ रचल्या जातात. पुढील आसने भिक्खूंसाठी राखीव असतात, तिथे आईला बसवू नये. एखादे भिक्खू चढले की उठावे लागते. पाट्यांवर मार्गक्रमांक असतो, त्यामुळे लिपी येत नसली तरी अडत नाही.

उत्तर (रत्नागिरी)
बसचे एवढे कौतुक मला पटत नाही. लाल बसची पहिली पायरीच गुडघ्याइतकी उंच असते आणि खासगी बस धड थांबण्याआधीच माणसे उतरवते. संपूर्ण दौऱ्यासाठी गाडी नको हे मान्य, परंतु एल्ला ते बट्टिकलोआ या एका टप्प्यासाठी तरी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून गाडी ठरवावी. बसने हा प्रवास बदुल्लाला गाडी बदलून, उन्हात ताटकळत करावा लागतो. गावातल्या गावात तीनचाकी पुरेशी आहे. बहुतेक बजाजच्याच असल्याने वडिलांना परकेपणा वाटणार नाही. कोलंबो-कँडीत पिकमी हे तिथले ॲप वापरावे, म्हणजे भाड्याची घासाघीस करावी लागत नाही. इतरत्र बसण्यापूर्वीच रक्कम ठरवावी. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय काही दुकानांत चालते, बस आणि तीनचाकीसाठी मात्र रोख व सुटे पैसे जवळ ठेवावेत. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुटी असते आणि आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर गणपतीसाठी गावी निघालेल्यांसारखी झुंबड उडते. त्या दिवशी मुक्काम हलवू नये.

प्रश्नकर्ता (देवगड)
सर्वांचे आभार. गॉल वगळले, एल्ला-बट्टिकलोआ टप्पा गाडीने करू. परतीचे विमान पहाटेचे आहे, तर आदल्या रात्री कोलंबोत राहणे आवश्यक आहे का?

उत्तर (वेंगुर्ले)
आवश्यक नाही, किंबहुना राहूच नये. विमानतळ कोलंबोत नसून शहराच्या उत्तरेस तीसेक किलोमीटरवर कटुनायके येथे आहे आणि नेगोंबो त्याच्या अगदी जवळ आहे. सिगिरियाजवळच्या दांबुल्लाहून कोलंबोकडे जाणाऱ्या बसने कुरुणेगलला उतरावे आणि तिथून नेगोंबोची बस घ्यावी, म्हणजे कोलंबोची वाहतूक पूर्ण टळते. पहाटेच्या तीनचाकीचे आदल्या संध्याकाळीच लॉजवाल्याकडून पक्के करून घ्यावे.