एमडीएफचे मराए : माओरी कोरीवकाम की निव्वळ मांडणी?

काष्ठवेडा (धागा)
न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयातील मराए, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या सामूहिक सभास्थानाचे आधुनिक रूप, माओरी कलाकार क्लिफ व्हायटिंग यांच्या नेतृत्वाखाली 1990 च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. त्यातील आकृत्या तोतारा या तिथल्या वृक्षाच्या लाकडात न कोरता एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले फळे) कापून, थरांवर थर चढवून, झगझगीत रंगांत रंगवल्या आहेत. रंगांना माझा आक्षेप नाही. मात्र पटाशी लाकडाच्या रेषेला अडते, हात वळतो आणि त्या अडण्या-वळण्यातून खाचांना लय येते. एमडीएफला रेषच नसल्याने सारे आराखड्यातच ठरून जाते. याला सुंदर मांडणी म्हणावे, कोरीवकाम नव्हे.

शिंपला
सपशेल असहमत. ‘ते हाऊ की तुरांगा’ हे माओरी सभागृह 1840 च्या दशकात राहारुही रुकुपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी हत्यारांनी कोरले. पूर्वजांची हत्यारे दगडाची होती. तरीही, 1867 मध्ये सरकारने उचलून नेलेले हेच सभागृह आज माओरी कोरीवकामाचा मानदंड मानले जाते. हत्यार बदललेले चालते, पण लाकूड बदललेले चालत नाही, हा कुठला न्याय? माओरी कलाकार जॉर्ज नुकू तर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर पारंपरिक नक्षी कोरतात.

काष्ठवेडा
नुकूंचे उदाहरण माझ्याच पथ्यावर पडते, कारण ते अ‍ॅक्रिलिक खरोखर कोरतात.

आडवाट
आपण दोघेही साहित्यावरच अडून बसला आहात. केवळ आकार टिकला म्हणजे परंपरा टिकली असे मानले, तर गॉर्डन वॉल्टर्स यांनाही तीत बसवावे लागेल. या पाकेहा, म्हणजे युरोपीय वंशाच्या न्यूझीलंडर, चित्रकाराने कोरू या माओरी नक्षीतला वळणदार कोंब सरळ पट्ट्या आणि टोकाचे गोल इतका आटवला आणि 1966 मध्ये ऑकलंडमध्ये ती चित्रे मांडली. चित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. पण 1980 आणि 1990 च्या दशकांत माओरी अभ्यासकांनी त्यांवर कठोर टीका केली, ती कॅनव्हासमुळे नव्हे, तर कोरू त्याच्या लोकांपासून तोडल्यामुळे. व्हायटिंग स्वतः ते फानाऊ-आ-आपानुई जमातीचे होते आणि त्यांच्या कामाचा जाब विचारू शकणारी माणसे त्यांच्या घरातच होती.

शिंपला
हे मान्य केले, तर माओरी नसलेल्या कोणी कोरूला हातच लावू नये, असे होईल. मला ते पटत नाही.

आडवाट
मी बंदी मागितलेलीच नाही. माओरी ज्ञान आणि कलाकृतींवरील हक्कांबाबत 1991 मध्ये दाखल झालेल्या ‘वाय 262’ दाव्यावर, माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने 2011 मध्ये दिलेल्या अहवालातही सरसकट बंदी सुचवलेली नाही. अशा कलाकृतींच्या अवमानकारक वापराविरुद्ध आक्षेप ऐकणारा आयोग असावा आणि व्यापारी वापराआधी त्यांच्या राखणदारांशी सल्लामसलत, काही ठिकाणी त्यांची संमतीही, घ्यावी, इतकेच सुचवले आहे.