शब्दचर्चा : ‘८० वा स्वातंत्र्यदिन’ की ‘७९ वा वर्धापनदिन’?

फलकवाला (लालबाग) : २०२६ च्या १५ ऑगस्टला मंडळाच्या फलकावर काय लिहायचं? अर्धे म्हणतात ८० वा, अर्धे ७९ वा. जयंती-पुण्यतिथीचा आकडा कसा काढायचा, तेही सांगा.

मुद्रितशोधक (दादर) : दोन्ही आकडे बरोबर, शब्द मात्र ज्याचा त्याला हवा. १५ ऑगस्ट १९४७ हाच पहिला स्वातंत्र्यदिन, म्हणून सालातून १९४६ वजा करायचे : ८० वा स्वातंत्र्यदिन. वर्धापनदिन वर्ष भरल्याशिवाय येत नाही, पहिला १९४८ ला आला. तिथे १९४७ वजा : ७९ वा. ‘८० वा वर्धापनदिन’ ही सर्रास होणारी चूक. १५ ऑगस्ट २०२२ ला ७५ वर्षं पूर्ण झाली, तरी तो ७६ वा स्वातंत्र्यदिन होता; गोंधळ वाढला तो तिथूनच. प्रजासत्ताक दिनासाठी १९४९ वजा करा. १ मे १९६० चा हिशेब तोच, पण ‘६६ वा वर्धापनदिन’च लिहा, रुळलेला शब्द तो आहे.

जयंती आणि पुण्यतिथीला सरळ वजाबाकी. जन्माचा आणि मृत्यूचा दिवस मोजत नाहीत. टिळक १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात गेले, म्हणून २०२६ ला १०६ वी पुण्यतिथी. एक मिळवायचा मोह इथे हटकून होतो.

गिरगावकर : पुण्यतिथीत ‘तिथी’ आहे हेही लक्षात घ्या. तारखेने पाळायचं तर ‘स्मृतिदिन’ नेमका, आणि त्यातला ‘ति’ ऱ्हस्व. तारखेलाही पुण्यतिथी म्हणणं आता इतकं रुळलंय की ते चूक म्हणता येणार नाही. शिवजयंतीला मात्र फलकावर ‘तिथीनुसार’ किंवा ‘तारखेनुसार’ लिहाच : फाल्गुन वद्य तृतीया वेगळी, १९ फेब्रुवारी वेगळी.

६ डिसेंबरला ‘पुण्यतिथी’ नको. ‘महापरिनिर्वाण दिन’ हाच शब्द, आणि खाली ‘श्रद्धांजली’ऐवजी ‘विनम्र अभिवादन’. चैत्यभूमीवर येणाऱ्या माणसाच्या मनातला शब्द तोच आहे. तिथे दुसरा शब्द लिहिणं मला तरी अनादर वाटतो.

मुद्रितशोधक (दादर) : ‘हुतात्मा दिन’ नुसता लिहू नका. ३० जानेवारी हा गांधीजींच्या हत्येचा दिवस, सकाळी ११ वाजता दोन मिनिटं स्तब्धता. २३ मार्च १९३१ भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचा. त्याला बहुधा ‘शहीद दिन’ म्हणतात. आणि मुंबईत २१ नोव्हेंबर, १९५५ साली फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तो. इथला माणूस हुतात्मा म्हटलं की आधी हुतात्मा चौकच आठवतो. म्हणून ‘संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना अभिवादन, २१ नोव्हेंबर’ असं पूर्ण लिहा.

फलकवाला (लालबाग) : आणि क्रांती दिन ८ ऑगस्टला की ९ ला?

गिरगावकर : ९ ला. ‘भारत छोडो’चा ठराव गवालिया टँकवर ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री झाला, पहाटे नेत्यांची धरपकड झाली आणि लोक रस्त्यावर उतरले. फलकावर ठरावाचा उल्लेख असेल तर त्यापुढे ८, ‘क्रांती दिन’पुढे ९. एकाच ओळीत दोन्ही कोंबलं की तारीख हमखास चुकते, दोन ओळी करा.