मदत हवी आहे: मनोऱ्यावरून वर फेकलेला चेंडू आणि विवेचक उणे सात

जमाखर्च:
नमस्कार मंडळी. लेक दहावीत आहे. मी कॉमर्सवाली, भौतिकशास्त्राशी संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला. काल रात्री एका उदाहरणावर आम्ही दोघींनी दीड तास घालवला आणि शेवटी वही मिटून झोपलो. उदाहरण असं:

२० मीटर उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून चेंडू १५ मी/से वेगाने सरळ वर फेकला. तो पायथ्याशी जमिनीवर किती वेळाने पडेल? (गुरुत्व त्वरण, म्हणजे जी, १० मी/से² धरा.)

तिने गतीचं दुसरं समीकरण घेतलं: एस = यूटी + ½एटी² (यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण, टी वेळ). यू = १५. ए = −१०, कारण "वर जाताना जी उणे" असं तिला पाठ आहे. एस = २०, कारण मनोरा २० मीटरचा. त्यातून टी² − ३टी + ४ = ० आलं आणि वर्गसमीकरणाचा विवेचक (ब² − ४अक) निघाला −७. तो उणे, म्हणजे उत्तरच नाही.

मग ती म्हणाली, चेंडू शेवटी खालीच येतो ना, म्हणून ए = +१० घेऊ. त्यावरून टी = १ सेकंद आलं. पुस्तकामागचं उत्तर आहे ४ सेकंद.

चूक नेमकी कुठे होतेय? आणि जाता जाता तिचा दुसरा प्रश्न, ज्याचं उत्तर मला अजिबात देता आलं नाही: चेंडू सगळ्यात वर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग शून्य असतो, मग त्या क्षणी त्वरणही शून्य नको का?

दोन_तुकडे:
सोपं आहे. दोन भाग करा. वर जाताना वेग १५ वरून ०, दर सेकंदाला १० ने कमी, म्हणजे १.५ सेकंद. तेवढ्या वेळात ११.२५ मीटर चढला. आता जमिनीपासून ३१.२५ मीटरवर आहे आणि तिथून सुटतोय. ३१.२५ = ५टी², टी = २.५. एकूण ४. झालं.

जमाखर्च:
धन्यवाद, उत्तर जुळलं! पण तिचं म्हणणं, "माझ्या पद्धतीत काय चुकलं ते कळलंच नाही." आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

खडूची_धूळ:
ताई, लेकीचं म्हणणं बरोबर आहे. तुकडे करून उत्तर येतं, पण घोळ तसाच राहतो.

समीकरणातला एस म्हणजे मनोऱ्याची उंची नव्हे. एस म्हणजे विस्थापन: सुटलेल्या जागेपासून पोहोचलेल्या जागेपर्यंत, दिशेसकट. चेंडू माथ्यावरून सुटला आणि २० मीटर खाली पोहोचला. "वर" ही दिशा अधिक ठरवली, तर एस = −२०. मधे तो ११.२५ मीटर वर जाऊन आला, त्याने एकूण ४२.५ मीटर अंतर कापलं, याच्याशी एसला काहीही देणंघेणं नाही.

आता −२० = १५टी − ५टी², म्हणजे टी² − ३टी − ४ = ०, म्हणजे (टी − ४)(टी + १) = ०. टी = ४. एकाच ओळीत, तुकडे न करता.

पण मला गंमत वाटली ती तुमच्या दोन्ही चुकीच्या उत्तरांची. समीकरणाने दोन्ही वेळा खरंच उत्तर दिलंय, फक्त तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं. एस = +२० लिहून लेकीने विचारलं, "चेंडू माथ्याच्या २० मीटर वर कधी असेल?" तो ११.२५ मीटरच्या वर जातच नाही. −७ म्हणजे समीकरण सांगतंय, कधीच नाही. दुसऱ्या वेळी यू, ए आणि एस तिन्ही अधिक. सगळं एकाच दिशेला, म्हणजे चेंडू १५ च्या वेगाने *खाली* फेकला. तसा फेकला तर तो खरोखरच १ सेकंदात पोहोचेल. नुसता हातातून सोडला असता तरी २ सेकंद लागले असते, मग वर फेकलेला एका सेकंदात कसा येईल? उत्तर लिहिण्याआधी एवढं पाहायची सवय लावा.

दोन_तुकडे:
पण "वर जाताना जी उणे, खाली येताना जी अधिक" यात चूक काय? आम्ही असंच शिकलो, मार्कही मिळाले.

खडूची_धूळ:
मार्क मिळतात, कारण तुम्ही दर तुकड्याला अधिकची दिशा बदलता आणि ते तुमच्या लक्षात येत नाही. वर जाताना वरची दिशा अधिक, उतरताना खालची अधिक. चालतं, पण मग दोन तुकडे करावेच लागतात. संपूर्ण प्रवासाला एक समीकरण लावायचं तर दिशा एकदाच ठरवायची. गुरुत्व त्वरण दोन्ही वेळा खालीच असतं. चेंडू कुठल्या दिशेला चाललाय हे गुरुत्वाला विचारायचं नाही.

आणि शिखरावरच्या त्वरणाचं उत्तरही इथेच आहे. त्वरण म्हणजे वेग किती आहे ते नव्हे, वेग किती झपाट्याने बदलतोय ते. शिखरावर वेग आणि त्वरण दोन्ही शून्य झाले असते, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. ज्याचा वेग शून्य आहे आणि बदलतही नाही, ती वस्तू हलणार कशी?

जमाखर्च:
थांबा, मला माझ्या भाषेत मांडू द्या. वेग म्हणजे खात्यातली शिल्लक. त्वरण म्हणजे दर सेकंदाला ठरलेला खर्च, १०. सुरुवातीची शिल्लक १५. एका सेकंदाने ५. मग −५, −१५, −२५. दीड सेकंदाला शिल्लक शून्य होते, पण म्हणून खर्च थांबत नाही; खातं उणे शिलकीत जातं. बरोबर?

खडूची_धूळ:
झकास! हे मी उद्या वर्गात चोरणार. शिवाय तुमच्या शेवटच्या −२५ मध्ये एक उत्तर फुकट मिळालं: चेंडू जमिनीवर २५ मी/से वेगाने आदळतो, उणे म्हणजे खालच्या दिशेने. वेग-काल आलेख काढायला सांगा तिला. १५ वरून सुरू होऊन −२५ ला संपणारी एकच सरळ रेषा येईल, कुठेही न मोडणारी. रेषेचा चढ म्हणजे त्वरण, आणि अक्ष ओलांडताना तो चढ बदलत नाही. शब्दांपेक्षा ही रेषा लवकर पटते.

वाचनमात्र:
मधेच विचारतो, उदाहरणात चेंडूचं वस्तुमान दिलेलंच नाही. लागत नाही का?

खडूची_धूळ:
हवेचा अडथळा सोडला तर नाही लागत. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडून दाखवलं होतं. दोन्ही बरोबरच खाली पडली.

जमाखर्च:
लेकीने आलेख काढला, पटलं. आता नवा प्रश्न घेऊन आली आहे. टी = −१ हे उत्तर आपण निमूट खोडून टाकलं. वेळ उणे कसा, म्हणून. पण विवेचकाच्या −७ लासुद्धा अर्थ होता, तर याला का नाही?

खडूची_धूळ:
पोरगी हुशार आहे हो. याला अर्थ आहे. समीकरणाला हात, मनोरा, फेकणं यातलं काहीच माहीत नाही. त्याला फक्त गती माहीत आहे. समजा, चेंडू माथ्यावरून फेकलाच नव्हता. जमिनीवरून वर येताना माथ्याजवळून १५ च्या वेगाने गेला. मग तो जमिनीवरून कधी निघाला असेल? १ सेकंद आधी. किती वेगाने? १५ + १० = २५. म्हणजे निघताना २५ आणि परत पडतानाही २५. शिखर दीड सेकंदाला. −१ आणि ४ दोन्ही त्याच्यापासून अडीच सेकंदांवर. परीक्षेत मात्र खोडायचंच, प्रश्नात वेळ फेकल्यापासून मोजली आहे.

जमाखर्च:
तिचं उत्तर जसंच्या तसं: "भारी! पण हवा असेल तर?"

खडूची_धूळ:
मग जोडी जुळत नाही. हवा वर जातानाही वेग खाते आणि येतानाही, त्यामुळे एकाच उंचीवर उतरतानाचा वेग चढतानाच्या वेगापेक्षा कमीच. म्हणून त्याच जागी परत यायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. चढताना हवा आणि गुरुत्व दोन्ही खाली ओढतात, त्वरण १० पेक्षा जास्त. उतरताना हवा वर ढकलते, त्वरण १० पेक्षा कमी. आणि शिखरावर वेग शून्य, म्हणून हवेचा अडथळाही शून्य. त्या एका क्षणी त्वरण नेमकं १०, जिथे तिला ते शून्य वाटलं होतं.