मदत हवी आहे: तिबोटी खंड्याचे फोटो दुधाळ येतात

डबलफास्ट
दोन रविवार कर्नाळ्याला गेलो. खंड्या दहा-बारा मीटरवर, समोर उघड्या फांदीवर. तरी फोटो दुधाळ, पिसं दिसतच नाहीत. व्हीआर (लेन्समधली हाताचा थरथराट सावरणारी सोय) चालू आहे. लेन्स सर्व्हिसला टाकू का? येत्या रविवारी परत जायचंय, लवकर सांगा.

खारफुटी
कॅमेरा? लेन्स? शटर? आयएसओ? व्हीआर तुमचा हात सावरतो, पक्ष्याची मान नाही.

रॉवाला
आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; वाढली की फोटोत दाणे येतात) 12800 ला गेलं असणार, पैज. पावसाळ्यात झाडीखाली 1/1000 चा हट्ट धरला की ऑटो आयएसओ छताला टेकतं. बसलेल्या खंड्याला 1/200 ते 1/250 पुरे. तो मधूनमधून डोकं खालीवर झटकतो. झटका संपला की चार-पाच फोटोंचा सलग बर्स्ट मारायचा. मोनोपॉड (एकपायी स्टँड) हवाच.

झगमग
एवढं कशाला? फ्लॅश लावा.

खारफुटी
ओल्या पानांवर पांढरे डाग उठतात, डोळ्यात टाचणीएवढा भगभगीत ठिपका येतो. शिवाय हा विणीचा हंगाम आहे. बीळ मातीच्या दरडीत असतं आणि आत शिरण्याआधी तो जवळच्या फांदीवर थांबतो. चोचीत सापसुरळी धरून नुसताच बसला असेल तर त्याची वाट तुम्ही अडवली आहे, मागे सरका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत येतं.

झगमग
घरट्यावर लावा असं कुठे म्हटलं? -2 स्टॉपवर, म्हणजे चौथा हिस्सा जोरावर, फिल म्हणून (सावली उजळण्यापुरता) चालतो.

खारफुटी
फांदी बिळासमोरचीच असते हो. तिथे फिल काय आणि फुल काय.

उगाच_एक
लेन्स कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डबा, आत आर्द्रता मोजायचा छोटा काटा, 40 ते 50 टक्के. नारिंगी सिलिका जेल हिरवं पडलं की मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. आर्द्रता 40 टक्क्यांखाली नेऊ नका, रबर आणि ग्रीस कडक होतं.

डबलफास्ट
बुरशी नाहीये, टॉर्च मारून बघितलंय!! निकॉन डी7500, 200-500 मिमीची लेन्स, शटर 1/800, एफ 5.6, ऑटो आयएसओ. आणि सकाळी सात ते आठ या वेळातले सगळेच वाया, नऊनंतरचे त्यातल्या त्यात बरे.

चष्मेवाली
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. गाडीत एसी होता?

डबलफास्ट
असणारच ना, दादरहून येतो. बॅग मागच्या सीटवर.

चष्मेवाली
मग लेन्स ठणठणीत आहे, तिला फक्त घाम फुटतोय. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. एसीत 21-22 ला गार झालेली काच बाहेर काढली की तिच्यावर बाष्प धरतं. पुढची काच तुम्ही पुसता, पण बाष्प यूव्ही फिल्टरच्या आतल्या बाजूलाही बसतं आणि व्ह्यूफाइंडरमधून ते नुसतं मळभ वाटतं. 200-500 म्हणजे दोन किलोंहून जड ऐवज, तापायला पाऊण-एक तास घेतो. म्हणून नऊनंतर सुधारणा.

पनवेल आलं की एसी बंद, काचा खाली. त्याहून बरं म्हणजे बॅग डिकीत ठेवा. उतरल्यावर चेन लगेच उघडू नका. यूव्ही फिल्टर घरीच राहू दे. आणि काचेवर बाष्प असताना लेन्स बॉडीपासून सोडवू नका, दमट हवा थेट आत जाते.

रॉवाला
मान्य. पण 1/800 चुकीचंच. त्याने दाणे येतात, दुधाळपणा तुमच्या बाष्पाचा.

डबलफास्ट
एसीचं डोक्यातच आलं नाही. नऊनंतरच्या फोटोत पोटाचा पिवळा आणि चोचीचा नारिंगी सपाट दिसतो, रंग ओतल्यासारखा. तेही बाष्प?

रॉवाला
नाही, तो लाल चॅनल फुटलाय, म्हणजे लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला टेकून तपशील गेलाय. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दाखवतो, आरजीबीचा, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा उघडा. लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली या. पिक्चर कंट्रोल व्हिव्हिड असेल तर न्यूट्रल करा, कारण हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, पानांतून गाळून आलेल्या उजेडाची हिरवट झाक नंतर टिंट मजेंटाकडे सरकवून जाते.

बाल्कनीबाग
अवांतर: आमच्याकडे जास्वंदीवर शिंजीर येतो, फोटोत कायम काळाकुट्ट. माझाही एसी?

चष्मेवाली
नाही हो. त्याची चमक रंगद्रव्याची नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेची आहे. उजेड ठरावीक कोनातून परतला तरच जांभळा दिसतो. सूर्य तुमच्या पाठीशी हवा. बाल्कनी पूर्वेची असेल तर सकाळी आत उभं राहून बाहेर बघताना तो कायम काळाच दिसणार. दुपारनंतर काढा.

बाल्कनीबाग
पूर्वेचीच आहे. दुपारी तो येतच नाही.

खारफुटी
डबलफास्ट, फोटो इथे टाकाल तेव्हा फांदीची जागा लिहू नका. मोबाइलवर काढला असेल तर लोकेशनही काढून टाका.